फ्लश डोअर हँडल: दिसायला भारी, पण अपघातात उघडणार का? सारखे विचारले जाणारे प्रश्न

गाडीच्या दाराचं हँडल, लॅच, केबल ह्या कामात मी बरीच वर्षं आहे, आणि गेल्या दोनेक वर्षांत ओळखीचे, नातेवाईक, नवीन डिझाइनर पोरं सगळे एकच विषय काढतायत, ते पत्र्यात लपणारं हँडल चांगलं का वाईट. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतोय. माझं एक ठाम मत आहे ते आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको: अपघातानंतर बाहेरून दार उघडणारा माणूस गाडीचा मालक नसतो. तो रस्त्यावरून जाणारा कुणीतरी असतो, त्याने ही गाडी आयुष्यात पहिल्यांदा बघितलेली असते, आजूबाजूला धूर असतो, हात थरथरत असतात. हँडल त्याच्यासाठी डिझाइन करायचं. बाकी सगळं त्यानंतर.

फ्लश हँडल म्हणजे नक्की कुठलं? सगळी सारखीच का?

नाही, आणि इथेच निम्मी भांडणं होतात. पत्र्याच्या पातळीत बसतं ते फ्लश, एवढाच त्याचा अर्थ. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएल गलविंगला पण फ्लशच हँडल होतं, एक टोक दाबा, दुसरं टोक बाहेर येतं, ते धरून ओढा, करंटचा काही संबंध नाही. मग २०१२ ला टेस्ला मॉडेल एस आली, त्यात मोटर हँडल बाहेर ढकलते. मॉडेल ३ मध्ये हँडल अंगठ्याने दाबून हातानेच बाहेर काढायचं असतं, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की हे मेकॅनिकल आहे, पण आत फक्त स्विच आहे आणि लॅच उघडतो मोटरने. फोर्ड मस्टँग माक-ई मध्ये तर नेहमीसारखं हँडलच नाही, दाबायला बटण आहे.

म्हणून कुठल्याही गाडीबद्दल दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. हँडल हातात यायला करंट लागतो का? आणि हँडल ओढल्यावर लॅच सुटायला करंट लागतो का? दोन्हीचं उत्तर "नाही" असेल तर ते फ्लश असलं तरी मला त्याची फारशी भीती नाही वाटत.

लॅच म्हणजे काय, आत चालतं काय?

दाराच्या कडेला जो लोखंडी जबडा दिसतो तो लॅच. गाडीच्या खांबावर यू आकाराचा जाड दांडा असतो, त्याला स्ट्रायकर म्हणतात. दार लावलं की जबडा फिरून स्ट्रायकरला पकडतो आणि एक छोटा खटका त्याला मागे फिरू देत नाही. दार उघडायचं म्हणजे फक्त तो खटका बाजूला सारायचा, बास. जुन्या पद्धतीत हँडलपासून खटक्यापर्यंत केबल किंवा सळई असते, सायकलच्या ब्रेकला असते तशीच केबल. नवीन ई-लॅचमध्ये तो खटका छोटी मोटर ओढते, आणि हँडल फक्त मोटरला निरोप देतं.

केबल असेल तर माणसाच्या हाताची ताकद थेट खटक्यापर्यंत जाते. निरोपवाल्या पद्धतीत मध्ये स्विच, वायर, कंट्रोलर, बॅटरी, मोटर एवढी साखळी आहे आणि त्यातली एक कडी तुटली तरी दार बंदच.

पण रेंज वाढते ना त्याने?

हिशोब करून बघू, म्हणजे ऐकीव गोष्टींवर जायला नको. धरा की फ्लश हँडलमुळे गाडीचा ड्रॅग कोइफिशंट, म्हणजे गाडीच्या आकाराला हवा किती अडवते त्याचा आकडा, ०.००२ ने कमी झाला. गाडीचं समोरून क्षेत्रफळ साधारण २.३ चौरस मीटर, वेग ताशी १०० किमी. हवेचा विरोध कमी होतो जेमतेम २ न्यूटनने, म्हणजे पाव लिटरपेक्षा कमी पाण्याच्या वजनाएवढा. १०० किमी गेल्यावर वाचली सुमारे ०.०६ युनिट वीज. गाडी १०० किमीला १५ युनिट खात असेल तर ही बचत अर्धा टक्का पण नाही, ५०० किमीच्या रेंजमध्ये २ किमी. शहरात कमी वेगात तर त्याहून कमी. आणि वरून मोटर, गिअर, वायर ह्यांचं वजन चार दारांना लागतं ते वेगळंच.

खरं कारण दिसणं आहे. त्यात वाईट काही नाही, सुंदर गाडी कुणाला नको असते, पण मग चर्चा पण तशीच व्हायला हवी की आपण देखणेपणासाठी काय देतोय.

अपघातात नेमकं काय बिघडतं?

एक नाही, बऱ्याच गोष्टी बिघडू शकतात. समोरून जोरात धडक बसली की बऱ्याच गाड्यांमध्ये १२ व्होल्टची बॅटरी पुढेच असते, ती चेपते किंवा तिची वायर तुटते, आणि दाराची मोटर, सेन्सर, कंट्रोलर हे सगळं त्या १२ व्होल्टवरच चालत असतं. बाजूने धडक बसली तर दाराच्या बिजागरीपाशी जो वायरचा गठ्ठा रबरी नळीतून आत जातो तो ओढला जाऊन तुटू शकतो. गाडी पाण्यात गेली तर कनेक्टरमध्ये पाणी. आग लागली तर वायरचं आवरण वितळून शॉर्ट.

ह्यात अजून एक गोष्ट आहे जिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. फ्लश हँडल छान दिसावं म्हणून हँडल आणि पत्रा ह्यांच्यामधली फट अगदी बारीक ठेवतात, सगळीकडे सारखी, एखाद्या मोबाइलच्या बटणासारखी. पण दाराचा बाहेरचा पत्रा मिलिमीटरपेक्षा पातळ असतो. धडकेत तो थोडासा जरी वाकला तरी ती फट बंद होते आणि हँडल तिथेच अडकतं, मग मोटरला करंट असला तरी उपयोग नाही. म्हणजे जी बारीक फट शोरूममध्ये क्वालिटी म्हणून दाखवतात तीच अपघातात नडते. नवीन डिझाइनर पोरांना मी हे नेहमी हातात पत्रा देऊन दाखवतो, कारण स्क्रीनवरच्या मॉडेलमध्ये पत्रा कधी वाकत नाही.

इलेक्ट्रिक गाडीत एवढी मोठी बॅटरी असताना दाराला करंट कसा नाही मिळत?

खूप जण विचारतात आणि प्रश्न बरोबरच आहे. मोठी बॅटरी शेकडो व्होल्टची असते, ती चाकं फिरवते. दार, दिवे, कुलूप, काच हे सगळं वेगळ्या कमी व्होल्टेजच्या सर्किटवर, त्याची छोटी बॅटरी वेगळी. धडक बसली की मोठी बॅटरी मुद्दाम तोडून टाकतात, बारूदी फ्यूज उडवून, म्हणजे कुणाला शॉक बसू नये. ते बरोबरच आहे. पण मग छोटीला चार्ज करणारा रस्ता पण बंद होतो, आणि छोटी आधीच मेली असेल तर गाडी म्हणजे बंद डबा.

अपघात न होता पण असं होतं का?

होतं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने, एनएचटीएसएने, सप्टेंबर २०२५ मध्ये २०२१ च्या टेस्ला मॉडेल वाय ची चौकशी सुरू केली, सुमारे १ लाख ७४ हजार गाड्या. तक्रारी काय होत्या तर आईवडील खाली उतरले, मूल मागच्या सीटवर, आणि बाहेरचं हँडल चालेना, काहींना काच फोडावी लागली. छोट्या बॅटरीचं व्होल्टेज कमी पडल्याचा संशय. त्याच वर्षी जूनमध्ये फोर्डने माक-ई च्या सुमारे १ लाख ९७ हजार गाड्या परत बोलावल्या, तिथेही १२ व्होल्टची बॅटरी उतरली की लॅच बंदच राहायची शक्यता होती. आणि हे इलेक्ट्रिक गाड्यांपुरतंच नाही हं, २०१५ मध्ये टेक्सासमध्ये पेट्रोलच्या कॉर्व्हेटमध्ये एक वयस्कर माणूस आणि त्याचा कुत्रा उकाड्यात अडकून गेले, बॅटरीची केबल सैल झाली होती, आणि हाताने उघडायचा खटका गाडीत होता, सीटच्या बाजूला खाली जमिनीवर.

मला ती कॉर्व्हेटची गोष्ट फार लागून राहिली आहे. खटका होता. हाताच्या अंतरावर होता.

आतून मॅन्युअल रिलीज, म्हणजे हाताने उघडायचा खटका, असतोच ना, मग प्रश्न काय?

असतो, पण कुठे? काही गाड्यांमध्ये पुढच्या दाराला काचेच्या बटणांजवळ, ते बरं. मागच्या दाराला मात्र कुठे दारातल्या खणाच्या तळाशी चटईखाली, कुठे सीटखालच्या कार्पेटमागे, काही मॉडेलना मागे नव्हताच. शांतपणे पार्किंगमध्ये मॅन्युअल वाचत शोधलं तरी वेळ लागतो, मग धुरात पाहुणा माणूस काय शोधणार?

घाबरलेला माणूस नवीन काही शिकत नाही, हाताला सवय आहे तेच पुन्हा पुन्हा करतो. रोज ज्या हँडलने दार उघडतो तेच तो ओढत बसणार. म्हणून इमर्जन्सीसाठी वेगळा खटका ही कल्पनाच मला अर्धवट वाटते. रोजचं हँडलच असं हवं की थोडं ओढलं की स्विच लागून मोटरने उघडेल आणि मोटर नाही चालली तर तेच अजून जोरात ओढलं की केबलने उघडेल. लेक्सस एनएक्स मध्ये आतलं हँडल दाबलं की इलेक्ट्रिक, तेच ओढलं की मेकॅनिकल, साधारण ह्याच दिशेचा विचार. टेस्लाचे डिझाइन प्रमुख फ्रान्झ फॉन होल्झहाउझन ह्यांनी पण सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की दोन्ही रिलीज एकत्र करण्यावर काम चालू आहे. चांगली गोष्ट आहे, उशिरा का होईना.

चाइल्ड लॉक असेल तर?

मग मागचं आतलं हँडल मुद्दामच बंद केलेलं असतं, म्हणजे मागे बसलेल्या मुलासाठी बाहेरचं हँडल हाच एकमेव दरवाजा आहे. ज्यांना वाटतं की बाहेरचं हँडल इलेक्ट्रिक चालेल, आतून मेकॅनिकल आहे ना, त्यांनी ह्याचा विचार करावा. पाच वर्षांचं मूल चटईखालची केबल ओढणार नाही.

बरं, मग सेफ फ्लश हँडल कसं करायचं?

हा खरा प्रश्न, आणि उत्तर फ्लश टाकून द्या असं नाहीये. मी करत असतो तर अशा क्रमाने विचार करेन.

सगळ्यात आधी पकड. गाडी कुठल्याही अवस्थेत असो, चालू, बंद, बॅटरी मेलेली, हाताची चार बोटं आत जातील अशी खोबण दारात कायम हवी. चीनच्या नव्या नियमात ह्याचं मापच दिलंय, हात घालायला किमान ६० बाय २० बाय २५ मिमी जागा. हे किमान आहे, मी तर ह्यापेक्षा जास्तच ठेवेन कारण रेस्क्यूवाल्याच्या हातात जाड हातमोजे असतात. खोबण वरून पातळ झाकणाने झाकायची असेल तर झाका, पण ते झाकण बोटांनी ढकललं की आत जायला हवं, स्प्रिंगवर, मोटरवर नाही. एवढं केलं तरी लांबून दार सपाटच दिसतं, म्हणजे डिझाइनवाल्यांचं पण समाधान.

दुसरं, ताकद कुठून कुठे जाते. हँडल पातळ पत्र्याला नाही तर आतल्या जाड पट्टीला बोल्टने धरलेलं हवं, कारण अपघातात दार चेपून अडकलेलं असतं, लॅच सुटला तरी दार सहज येत नाही, दोघं जण मिळून हँडलला लोंबकळून ओढतात. हँडल म्हणजे नुसता स्विच नाही, ती दार खेचायची मूठ पण आहे, हे पॉप-आउट हँडलमध्ये सगळ्यात आधी विसरलं जातं. दोन बोटांच्या चिमटीत येणारी नाजूक पट्टी कितीही सुंदर असली तरी तिला धरून चेपलेलं दार निघत नाही.

तिसरं, केबल. हँडलपासून त्याच दारातल्या लॅचपर्यंत सरळ आणि लहान रस्ता, आणि केबलला थोडी ढील, म्हणजे पत्रा आत गेला तरी ती ताणून लॅच आपोआप उघडणार नाही आणि चिमटून जाम पण होणार नाही. ह्या दोन्हीच्या मधली जागा शोधणं हे खरं इंजिनिअरिंग आहे, ते क्रॅश टेस्ट आणि पुन्हा पुन्हा दुरुस्ती केल्याशिवाय जमत नाही.

चौथं कुलूप, आणि हे मला सगळ्यात अवघड वाटतं. हँडल पूर्ण मेकॅनिकल आहे, केबल शाबूत आहे, पण दार लॉक आहे, तर बाहेरून ओढून काय होणार? बऱ्याच गाड्या वेग घेतला की आपोआप लॉक होतात. म्हणजे धडक बसल्या बसल्या, करंट जायच्या आत, एअरबॅगच्या कंट्रोलरने सगळी दारं अनलॉक करून टाकायला हवीत, आणि अनलॉक ही स्थिती लॅचमध्ये मेकॅनिकली टिकायला हवी, नंतर करंट गेला तरी पुन्हा लॉक होता कामा नये. मेकॅनिकल हँडल लावलं म्हणजे झालं असं म्हणणारे हा मुद्दा सोडून देतात.

आणि शेवटी दिसणं. अंधारात, रात्री, रंग सारखा असेल तर खोबण दिसतच नाही. माझी आई एकदा एका अशाच गाडीच्या दारावर तळहात फिरवत उभी राहिली होती, तिला कळेचना कुठे धरायचं, आणि ती गाडी नीट चालू स्थितीत होती, दिवसाढवळ्या. खोबणीच्या कडेला वेगळा रंग, बोटाला लागेल असा उंचवटा, एवढं केलं तरी खूप झालं.

बॅकअप कपॅसिटर किंवा जादा बॅटरी लावली तर पुरे नाही का?

मदत होते, लावाच. दाराच्या आतच सुपरकपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून झटकन देणारा भाग, ठेवला तर मेन करंट गेल्यावर पण मोटर एक-दोन वेळा लॅच उघडू शकते. फक्त एक अट, त्या दारातल्या स्विचने त्याच दारातला लॅच उघडायला हवा, निरोप आधी गाडीच्या मेन कंप्युटरकडे जाऊन परत येत असेल तर कपॅसिटर भरलेला असून दार बंद. आणि वाकलेला पत्रा, तुटलेला गिअर ह्यावर कपॅसिटरचा काही इलाज नाही. म्हणून माझ्या मते तो केबलच्या जोडीला ठीक, केबलच्या जागी नाही.

केबल असेल तर धडकेत दार आपोआप उघडायची भीती नाही का?

आहे, आणि ई-लॅचच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा रास्त मुद्दा आहे. बाजूने धडक बसली की हँडलचं स्वतःचं वजन त्याला बाहेर फेकतं, जणू कुणी ओढलं, आणि चालू अपघातात दार उघडलं तर माणूस बाहेर फेकला जातो. पण ह्यावर उपाय फार जुना आहे, हँडलच्या मागे उलट्या बाजूला वजन लावतात म्हणजे दोन्ही एकमेकांना सावरतात, किंवा झटका बसला की अडकणारा छोटा खटका. अमेरिकेचा एफएमव्हीएसएस २०६ नियम आणि युरोपातला यूएन (संयुक्त राष्ट्रांचा) आर ११ दोन्हीत ३० जी च्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तीसपट, झटक्यात लॅच सुटू नये अशी अट आहे, आणि लॅचने लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन ओढ सहन करायला हवी. कितीतरी साधी केबलवाली हँडलं हे सगळं पार करत आलीत.

नियम काय म्हणतात?

यूएन च्या समोरून धडकेच्या नियमात, आर ९४, ताशी ५६ किमी वेगाने गाडी आपटल्यावर प्रत्येक रांगेचं किमान एक दार अवजाराशिवाय उघडता यायला हवं अशी अट आधीपासून आहे. पण ती ठरलेली टेस्ट, ठरलेला वेग. आग, पाणी, मेलेली बॅटरी हे त्यात येत नाही.

चीनने मात्र पाऊल उचललं. तिथे मार्च २०२५ मध्ये आनहुई प्रांतात शाओमी एसयू७ ला आग लागून तीन जण गेले आणि ऑक्टोबरमध्ये चेंगदूला एसयू७ अल्ट्रा जळताना लोक बाहेरून दार ओढत, काच फोडायचा प्रयत्न करत होते, दार उघडलं नाही. त्यावर खूप चर्चा झाली, आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये सक्तीचा नियम जाहीर झाला: प्रत्येक दाराला, मागची डिकी सोडून, बाहेरून मेकॅनिकल रिलीज हवाच, आतून पण हवा, आणि आतला दिसेल असा, खूण केलेला. १ जानेवारी २०२७ पासून लागू, आधी मंजूर झालेल्या मॉडेलना २०२९ पर्यंत मुदत. फ्लश हँडलवर बंदी आली असं लोक म्हणतात ते तितकंसं बरोबर नाही, करंटशिवाय न उघडणाऱ्या हँडलवर आली. गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने पण २०२६ पासून धडकेनंतर इलेक्ट्रिक हँडल चालतात का हे बघायला घेतलंय.

मग उघडं, बाहेर आलेलं जुनं हँडलच का नको?

मला चालेल! पण त्यालाही नियम आहेत, पायी माणसाला लागू नये म्हणून यूएन आर २६ मध्ये हँडल ४० मिमी पेक्षा जास्त बाहेर नको. जुनं हँडल ह्यात आरामात बसतं.

बर्फ, चिखल, धूळ?

मोटरवालं हँडल बर्फाच्या थरात अडकतं, बारीक फटीत चिखल वाळला की तसंच. खोबणीवाल्याला पाणी निघून जायला खाली भोक ठेवलं तर त्रास कमी. ह्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

आत जाताना हँडलमध्ये बोट सापडतं का?

सापडू शकतं, लहान मुलांचं जास्त. पॉवर विंडोसाठी १०० न्यूटनची मर्यादा असते, अडथळा लागला की काच मागे फिरते, तशीच काळजी इथे घ्यायला हवी, आणि माझं मत विचाराल तर त्याहून बरीच कमी ताकद ठेवावी. किंवा मोटरच नको, मग प्रश्नच नाही.

दार नाही उघडलं तर काच फोडू, एवढं काय?

सगळ्या काचा फुटत नाहीत. बऱ्याच नवीन गाड्यांना बाजूला पण लॅमिनेटेड काच असते, आवाज कमी यावा म्हणून, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर. अमेरिकेच्या एएए ह्या वाहनचालकांच्या संस्थेने २०१९ मध्ये काच फोडायची सहा अवजारं तपासली, टेंपर्ड काच (फुटली की बारीक तुकडे होणारी) चारांनी फोडली, लॅमिनेटेड एकानेही नाही. काचेच्या खालच्या कोपऱ्यात कुठली काच आहे ते लिहिलेलं असतं, आजच बघून ठेवा.

डिझाइन बरोबर झालं की नाही हे तपासायचं कसं?

क्रॅश टेस्ट होणारच, मी त्यात एक साधी टेस्ट वाढवेन. ज्याने ही गाडी कधी बघितली नाही असा माणूस आणायचा, बॅटरी काढून टाकायची, दिवे घालवायचे, हातात जाड मोजे द्यायचे आणि फक्त एवढंच सांगायचं, "आत मूल आहे, दार उघडा." घड्याळ लावायचं. वयस्कर माणसं, सांधेदुखीवाले, एकच हात मोकळा असलेले, ज्यांना दिसत नाही असे, सगळ्यांना बोलवायचं. पहिल्याच ओढीत दार नाही उघडलं तर हँडल परत ड्रॉइंग बोर्डावर. इंजिनिअरने स्वतः टेस्ट करायची नाही, त्याला सगळं माहीत असतं.

माझ्याकडे आधीच अशी गाडी आहे, मी काय करू?

घाबरू नका, पण एक संध्याकाळ त्याला द्या. मॅन्युअलमधून चारही दारांचे मेकॅनिकल रिलीज कुठे आहेत ते शोधा आणि प्रत्येक एकदा हाताने ओढून बघा. काही गाड्यांमध्ये असं उघडताना काच आपोआप खाली होत नाही आणि दाराच्या पट्टीला घासू शकते, ते आधी वाचून घ्या. घरच्या सगळ्यांना, मोठ्या मुलांना सुद्धा, डोळे मिटून शोधायला लावा. रिलीजवर चटई, बाटली, खेळणी ठेवू नका. छोट्या बॅटरीची वॉर्निंग आली तर टाळाटाळ न करता बदला. आणि कुणी पहिल्यांदा तुमच्या गाडीत मागे बसलं तर निघायच्या आधी त्यांना दार हाताने कसं उघडायचं ते दाखवा, दहा सेकंद लागतात.